शेवंताची वेणी आणि माझा उजवा हात

मागच्या आठवड्यात शेजारच्या गावची एक बाई दारात येऊन उभी राहिली. ओळख ना पाळख. म्हणाली, "तुमालेच क्यान्सर झालता ना?"

असं तोंडावर विचारणारी माणसं मला आवडतात. मी म्हटलं, "हो बाई, मलाच. ये आत."

दार लोटून घेतलं. तिनं पदर बाजूला केला आणि डाव्या अंगाची गाठ दाखवली. आवळ्याएवढी होती. म्हटलं, "कधीपासून आहे?" तर म्हणे पोळ्यापासून. आता शिमगा तोंडावर आलाय. "अवं मग इतके दिवस काय झोपली होतीस?" मी ओरडलेच. ती बिचारी कावरीबावरी होऊन म्हणाली, "पन दुखत नाई ना!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. राग तिचा नव्हता. सहा-सात वर्षांपूर्वी हेच शब्द माझ्या तोंडात होते. दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याला बोलावून घेतलं, दोघांना यवतमाळच्या मोटारीत बसवून दिलं, आणि घरी येऊन चुलीपाशी बसून रडले. का रडले, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. इथं सांगणार आहे, पण शेवटी.

तेव्हा आधी कामाचं लिहून ठेवते. दुखत नव्हतं. मला एक दिवससुद्धा दुखलं नाही. बायांनो, दुखत नाही म्हणून बसून राहू नका.

आमचं घर

माझे वडील यवतमाळला मास्तर होते, म्हणून सातवीपर्यंत शिकले. लिहायला बसलं की पुस्तकी येतं, बोलताना मी अस्सल इकडचीच आहे. लग्न होऊन मारेगावजवळच्या खेड्यात आले. घरी कापूस, तूर, ज्वारीची शेती. माणसं मोजकी: आमचे हे, सासूबाई (आम्ही त्यांना मामीजी म्हणतो), माझा लेक वसंता, आणि माझी धाकटी नणंद शेवंता.

शेवंताला राजूरच्या बाजूला दिली होती. पहिलं लेकरू पोटातच गेलं आणि तिची झोपही त्याच्याबरोबर गेली. भिंतीशी बोलायची. भरलेली घागर वाटेत ठेवून भलतीकडेच निघून जायची. एका दुपारी सासरचे तिला बैलगाडीतून घेऊन आले, ट्रंक आणि शेवंता दोन्ही ओसरीवर उतरवली, आणि पाणीसुद्धा न पिता गाडी फिरवली. पुढच्या वर्षी त्या माणसानं दुसरी केली. तेव्हा शेवंता एकोणीस वर्षांची होती.

मग जे सगळे करतात ते आम्हीही केलं. लिंबू उतरवले, अंगारे लावले, दर्ग्यावर नेलं, एका बाबानं मिरच्यांची धुरी दिली तेव्हा ती खोकून खोकून निळी पडली. त्या दिवशी मी त्या बाबाच्या हातातली कढई उचलून अंगणात फेकली. मामीजी आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

शेवंता कुणाला मारायची नाही, शिव्या द्यायची नाही. फक्त आपल्यात नसायची. पण तिचे केस! कमरेखाली येत. त्या केसांना ती माझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नसे. सकाळी चूल पेटली की आपणहून यायची आणि माझ्याकडे पाठ करून ओसरीच्या खांबाशी बसायची. हाक नाही, बोलणं नाही. पाठ करून बसली की समजायचं, वेणी घाला. मी तेल लावायची, फणी फिरवायची, वेणी घालायची. तेवढा वेळ ती शांत असे. त्यानंतर तास-दोन तास माणसासारखी जेवायची, अंघोळ करायची.

"तुया हातात काय हाय व असं?" मामीजी विचारायच्या.

काय असणार? मी तिला काही विचारत नव्हते, एवढंच. बाकी सगळे तिला विचारायचे, काय होते, काय दिसते, कोण बोलते. मी नुसती वेणी घालायची.

झोळीचा काच

महाराष्ट्र झाला त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. वेचणीचा पहिला दिवस, शेतात सीतादही केलं. दहीभात ठेवला, पहिल्या बोंडाला हळदकुंकू लावलं आणि आम्ही बाया ओळीनं लागलो. कापूस वेचताना जुनं लुगडं खांद्यावरून तिरपं घेऊन झोळी बांधतात. गाठ छातीवर येते. दिवसभराचा कापूस त्या गाठीला लोंबकळतो. झोळी बांधताना हाताला उजवीकडे काहीतरी टणक लागलं, हरभऱ्यापेक्षा थोडं मोठं.

मला वाटलं, झोळीचा काच. आमच्याकडे वेचणीवाल्या प्रत्येक बाईच्या अंगावर काचाची एखादी खूण असतेच. कुणाच्या खांद्याला घट्टा, कुणाच्या मानेला वळ. मामीजींना दाखवलं. त्यांनी दाबून पाहिलं. "दुखते काय?"

"नाई."

"मंग कायचं काय! वेचनी सरली का बसते आपोआप. मायं बी असंच झालतं."

मी काय शहाणी! सातवी शिकलेली! एरंडाचं पान गरम करून बांधलं, हळद लावली, झोळीची गाठ डाव्या बाजूला घ्यायला लागले आणि वेचत राहिले. चार महिने. संक्रांत झाली, वेचणी सरली, झोळी खुंटीला गेली. गाठ मात्र गेली नाही, उलट मोठी झाली, आणि तिथली कातडी आत ओढल्यासारखी दिसायला लागली, धागा जास्त ताणला की शिवण चुरमडते तशी. तेव्हा मी यांना सांगितलं. चार महिने नवऱ्याला सांगितलं नव्हतं! लाज वाटायची. आता त्या लाजेचीच लाज वाटते.

जिलेबी

यवतमाळच्या डॉक्टरांनी तपासलं. पुरुष डॉक्टर. मी डोळे मिटून घेतले होते. नंतर मला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि यांना आत बोलावलं. गाठ माझ्या अंगावर, आणि सांगायचं मात्र यांना!

हे बाहेर आले. चेहरा ज्वारीच्या पिठासारखा.

"काय म्हनलं?"

"काई नाई. नागपूरले जा लागते. जराशी गाठ हाय, काढून टाकतीन."

आणि मग या माणसानं काय करावं? मला हाटेलात नेलं. तेव्हा आमच्याकडच्या बाया हाटेलात बसत नसत, बाहेर झाडाखाली चहा आणून देत. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, यांनी मला कधी हाटेलाची पायरी दाखवली नव्हती. आज मात्र खुर्चीवर बसवलं, आणि जिलेबी मागवली. बशी माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "खाय. गरम हाय."

त्या जिलेबीनं मला कळलं की मी मरणार आहे. डॉक्टरनं सांगितलं असतं तर कदाचित विश्वास बसला नसता.

मी ती सगळी खाल्ली. यांना बरं वाटावं म्हणून.

घरी आल्यावर वसंताला पोटाशी धरून रडले, ते तर झालंच. पण रडून झाल्यावर मनात काय आलं, ते खरं सांगते. शेवंताची वेणी कोण घालणार? वसंताला आजी होती, बाप होता. तिला कोण?

गावात आधीपासूनच कुजबुज होती की शेवंताला नागपूरच्या पागलखान्यात ठेवा. मी यांना बसवून घेतलं. "हे पाहा, मी येईपर्यंत तिले कोठी पाठवाचं नाई. पागलखान्याचं नाव बी काढाचं नाई. घ्या शपथ."

"कोनाची?"

"वसंताची."

त्यांनी झोपलेल्या वसंताच्या डोक्यावर हात ठेवला. मीच ठेवायला लावला. कुणालाही आपल्या लेकराची शपथ घालू नका. माणसाला काय काय करावं लागेल, ते आधी माहीत नसतं.

निघायच्या दिवशी सकाळी शेवंता नेहमीसारखी पाठ करून बसली. मी वेणी घालता घालता म्हटलं, "शेवंते, मी नागपूरले जाऊन येतो. दीड-दोन महिने लागतीन. तवापर्यंत मामीजीकडून वेनी घालून घेजो." ती वेणी झाल्यावर उठली आणि तुळशीपाशी जाऊन उभी राहिली. मी मुद्दाम घट्ट घातली होती, जास्त दिवस टिकावी म्हणून. वेड मलाच लागलं होतं म्हणा ना! वेणी काय दोन महिने टिकते?

नागपूर

ऑपरेशनचं मी फार लिहीत नाही. शुद्ध आली तेव्हा छातीवर मोठं बांधलेलं होतं आणि उजवा हात उशीवर ठेवला होता, माझा नसल्यासारखा. मी डाव्या हातानं चाचपलं. नुसती पट्टी. सपाट. रडू आलं नाही. वाटलं, हे दुसऱ्या कुणाचं तरी आहे.

वॉर्डातला दिवस पहाटे थर्मामीटरनं सुरू व्हायचा. मग चादरी, मग मोठे डॉक्टर आणि त्यांच्यामागे शिकाऊ पोरांची रांग. ज्या अंगाची नवऱ्यालासुद्धा उजेडात लाज, ते वीस जण पाहून जायचे. पहिल्या दिवशी मी मेल्यासारखी झाले. दहाव्या दिवशी त्यातल्या एकाला म्हटलं, "बापू, तुया हात लय गार हाय, चोळून घे आधी." तो लाजला. तेवढंच आपलं.

काखेतूनही काढलं होतं, त्यामुळे हात वर जाईना. नर्सबाईंनी सांगितलं, भिंतीशी उभं राहायचं, बोटं मुंगीसारखी वर चालवायची, रोज थोडी वर. पहिल्या दिवशी कमरेच्या वर गेली नाहीत आणि मी घामानं भिजले. मग मी एक केलं. कोळसा मागून घेतला, पलंगावर बसले आणि माझ्यापुढे शेवंता पाठ करून बसली तर तिचं डोकं कुठं येईल, त्याचा अंदाज घेऊन भिंतीवर रेघ मारली. एवढा हात गेला की झालं. देवाला हात जोडायला छातीपर्यंत पुरे, पण वेणीला त्याहून वर लागतो.

माझ्या शेजारच्या खाटेवर दिग्रसकडच्या तांड्यातली एक म्हातारी होती. तिची सून तिला याडी म्हणायची. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. मीही याडीच म्हणायला लागले. तिचं ऑपरेशन माझ्याआधी महिनाभर झालं होतं. आरसे लावलेली कांचळी घालायची आणि त्या कांचळीत एका बाजूला तिनं छोटी पिशवी शिवून बसवली होती. एक दिवस मला हातात दिली. चांगली जड होती.

"काय भरलं याडी?"

"कापूस. तू तर कापूसवाली, तुले समजत नाई? नुसता पिंजलेला भरशीन तर हलका पडते, वर सरकते. सरकीसकट भर. सरकीनं वजन येते."

दवाखान्यात मी त्या दिवशी पहिल्यांदा हसले. अख्खा जन्म सरकीचा कापूस वेचला, तो शेवटी असा कामाला आला! टाके दुखले इतकी हसले.

मग शेक सुरू झाले. विजेच्या मोठ्या यंत्राखाली निजवायचे, सगळे खोलीबाहेर जायचे, दार लागायचं. दुखायचं काहीच नाही. पण दार लागलं की मला वाटायचं, सगळे पळून जातात असं माझ्या अंगावर काय सोडत असतील? पंधरा दिवसांनी कातडी काळी पडून सोलायला लागली. अन्नाचा वास सहन होईना. त्या दिवसांत मी देवाला काही मागितलं नाही, मागायचं त्राण नव्हतं. भिंतीकडे तोंड करून पडायची आणि रेघेकडे पाहायची. रेघ वीतभर वर होती आणि माझा हात खाली.

बैलाची नखं

हे दर पंधरा दिवसांनी रविवारी यायचे. सहाव्या आठवड्यात एकदम बुधवारीच आले. सदऱ्याची बाही फाटलेली, आणि गळ्यावर लांब ओरखडे.

"हे काय झालं?"

"बैलानं शिंग मारलं."

"शेवंता बरी हाय ना?"

"बरी हाय."

"वेनी कोन घालते तिची?"

ते खिडकीबाहेर पाहायला लागले. "माय घालते ना."

पाच मिनिटं बसले, काही न खाता उठले. दारापर्यंत जाऊन परत आले, माझ्या पायावरची चादर सारखी केली आणि गेले.

याडी सगळं पाहत होती. म्हणाली, "बैल नखानं ओरबाडते काय व?"

"तुमाले काय करा लागते?" मी तिच्यावर खेकसले. मग मी भिंतीकडे वळले.

मला कळलं होतं. हे मी आज लिहिते, तेव्हा स्वतःशीसुद्धा म्हटलं नाही. ओरडून यांना परत बोलावता आलं असतं. खरं काय ते विचारता आलं असतं. पण शेकाचे दहा दिवस राहिले होते, अंगात उभं राहायची ताकद नव्हती, आणि खरं कळून मी काय करणार होते? म्हणून मी बैल मान्य केला.

रिकामा खांब

घरी आले तेव्हा ओसरीवर मामीजी एकट्या होत्या. कोनाड्यात फणी होती, धूळ बसलेली. मी पिशवी खाली ठेवली नाही.

"शेवंता कोठी हाय?"

मामीजी तोंडात पदर कोंबून रडायला लागल्या. मग बोलल्या. मी गेल्यावर शेवंता रोज सकाळी खांबाशी येऊन पाठ करून बसायची. मामीजी फणी घेऊन गेल्या की उठून पळायची. पुन्हा यायची, पुन्हा बसायची. दिवसभर तेच. केसांच्या जटा झाल्या, लिखा झाल्या, खाजवून खाजवून मानेवर जखमा झाल्या. त्या जखमांवर माशा बसायला लागल्या. "मी काय करू, सांग. डोक्यात किडे पडले असते." मग मामीजींनी न्हाव्याला बोलावलं. चार बायांनी धरलं आणि सगळे केस उतरवले.

तुम्ही म्हणाल, बरोबरच केलं. लिखा झाल्यावर दुसरं काय करायचं? पण बाईचं डोकं कधी भादरतात, हे त्या पाचही जणींना माहीत होतं, आणि घाईत एकीच्याही डोक्यात आलं नाही. शेवंताच्या आलं. तिनं डोक्यावरून हात फिरवला आणि ओरडली, "माया नवरा मेला! मले कोनं सांगतलंच नाई!" दगडावर हात आपटून बांगड्या फोडल्या. कुंकू पुसलं. ज्यानं तिला टाकून दुसरी केली, त्या माणसासाठी तिनं तीन दिवस अन्नपाणी सोडून टाहो फोडला. समजवायला गेलेल्या मामीजींच्या कपाळात मुसळ घातलं. टाके पडले. आजवर मुंगी न मारलेली पोर!

त्या बुधवारी यांनी तिला धरूनबांधून नागपूरला नेलं आणि पागलखान्यात दाखल केलं. तिथून पायी माझ्याकडे आले होते. मी त्याच गावात खाटेवर पडून तिच्या डोक्याच्या उंचीची रेघ गिरवत होते.

हे शेतातून आले. मी त्यांना नाही नाही ते बोलले. शेजारचे गोळा झाले. शेवटी म्हटलं, "लेकराची शपथ घेतली होती तुमी!"

ते खाली बसले. "तिकडे तू मरून राह्यली होती, इकडे ते मायले मारून राह्यली होती. मी एकटा. कोनाकडे पाहू? सांग ना, कोनाकडे पाहू?"

  पुढे तीन-चार वर्षं त्यांनी वसंताला विहिरीकडे फिरकू दिलं नाही, बैलामागे जाऊ दिलं नाही. साधा ताप आला तरी हा माणूस त्याच्या उशाशी बसून राहायचा. ती शपथ मी घालायला नको होती.

भेट

तीन महिन्यांनी दाखवायला नागपूरला गेलो. डॉक्टरांनी तपासून ठीक म्हटलं. मी म्हटलं, आता शेवंताकडे. हे फाटकापर्यंत आले आणि बाहेरच्या निंबाखाली बसले. "तू जाय. मले नाई होत."

मला व्हरांड्यात बाकावर बसवून तिथल्या बाईनं तिला आणलं. केस बोटाच्या पेराएवढे आले होते. अंगानं वाळली होती. माझ्याकडे पाहिलं नाही. मी नाव घेतलं तरी नाही. मग जवळ आली आणि तिचा हात सरळ माझ्या उजव्या बाजूवर आला. तिनं दाबून पाहिलं. चोळीतून मी याडीसारखीच शिवलेली सरकीची पिशवी बाहेर काढली, बोटांनी आतली सरकी चाचपली, पुन्हा हात सपाट जागेवर ठेवला.

"दुखलं काय व वहिनी?"

ऑपरेशनला सहा महिने होत आले होते. सगळ्यांनी विचारलं होतं. किती दिवस लागले, डॉक्टर काय म्हणाले, परत होते काय, पोराचं कसं करणार. दुखलं का, हे कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्यानं नाही, मामीजींनी नाही, माझ्या सख्ख्या आईनं नाही.

"हो," मी म्हटलं. "लय दुखलं, शेवंते."

तिनं पिशवी माझ्या हातात दिली. मग वळली, आणि माझ्याकडे पाठ करून बाकावर बसली.

माझा हात वर गेला. रेघेपर्यंत गेला, त्याच्याही वर गेला. इतक्या महिन्यांची मेहनत होती ना! आणि विंचरायला केस नव्हते. मी त्या खुरट्या केसांवरून नुसता तळवा फिरवत राहिले. तिथली बाई दोनदा वेळ संपली म्हणाली.

तिला घरी न्यायचं मी किती म्हटलं! तिथले डॉक्टर म्हणाले, शांत आहे, पण चोवीस तास जवळ माणूस पाहिजे, आणि पुन्हा उसळली तर तुमच्या या हातानं तुम्ही तिला धरणार का? मामीजी म्हणाल्या, "ते आली तर मी घर सोडून जातो." त्यांच्या कपाळावर खूण होती, त्यांना मी काय बोलू? हे बैलांना वैरण टाकायला उठून गेले.

बरी झाले

पण मला दाखवायला जावंच लागायचं. आधी तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी. क्यान्सरसाठी घरातून कुणी नाही म्हणत नव्हतं. दर खेपेला आधी डॉक्टर, मग शेवंता. फणी आणि तेलाची बाटली पिशवीत असायची. केस मानेपर्यंत आले, मग खांद्याखाली आले. मग बारीकशी वेणी यायला लागली. ती मला ओळखते की नाही, देव जाणे. पाठ करून बसते, हे खरं.

यंदा दिवाळीनंतर गेले, तेव्हा डॉक्टर हसून म्हणाले, "बाई, पाच वर्षं होऊन गेली. आता तुम्ही बऱ्या झालात. परत यायची गरज नाही."

मी म्हटलं, "सहा महिन्यांनी एकदा आले तर?"

"कशाला? उगीच हेलपाटा."

परत येताना यांनी वरोऱ्याच्या स्टेशनावर पेढे घेतले, गावभर वाटले. मामीजींनी देवापुढे साखर ठेवली. सगळ्यांचे डोळे भरून आले. मी पेढा तोंडात धरून उभी होते. दोन दिवसांनी विचारलं, "आता शेवंताकडे परत कवा जाचं?"

"जाऊ ना. वेचनी होऊ दे."

वेचणी होऊन महिना झाला. कुणी नाव काढलं नाही. मी तरी कोणत्या तोंडानं भांडू? बरी झालेल्या बाईला काम असतं, तिला नागपूरला जायला कारण नसतं.

आणि मागच्या आठवड्यात ती बाई आली. मी दार लोटलं, तिनं पदर सारला, माझी बोटं त्या गाठीवर गेली. टणक, न हलणारी. मला लगेच ओळखू आली. आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं?

आता नागपूरला जायला मिळेल.

देवाशप्पथ, तिची कीव नंतर आली. तिची लहान लेकरं, तिचा भोळा नवरा, सगळं नंतर. म्हणूनच मी तिच्यावर इतकी ओरडले आणि चुलीपाशी बसून तेच रडले. माझ्यासारखीच न दुखणारी गाठ घेऊन ती आली होती, आणि मला आधी आनंद झाला.

काल ती यवतमाळहून परत आली. चिठ्ठी नागपूरचीच दिलीय. तिला तिथलं काही माहीत नाही, भेदरलीय. मी म्हटलं, सोबत मी येते. ती माझ्या पायावर डोकं ठेवून म्हणाली, "तुमच्यासारखं मानूस नाई भेटत, वहिनी."

मी तिला उठवलं. परवाच्या मोटारीनं निघायचं आहे. तिच्यासाठी शिवलेली सरकीची पिशवी तिला इतक्यात दाखवणार नाही, पण बरोबर घेतली आहे. आणि फणी घेतली आहे.